सप्तमीचा प्रत्यय

मराठीच्या प्राध्यापिकेचा आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा संबंध काय, असे कोणी विचारले असते, तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी 'वासाचा' असे उत्तर दिले असते. आमच्या कॉलेजात मराठी विभाग वर आणि रसायनाची प्रयोगशाळा खाली. मध्ये एक जिना. वर मी रसाळपणे तुकोबा समजावून सांगत असावे आणि खालून कुजक्या अंड्यांचा वास यावा, हे अनेक वर्षे चालत आले आहे. आरंभी मला तो अपमान वाटे. पुढे सवय झाली. तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो आणि त्याचे प्रमाण वाढले की तो प्रथम आपली वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. म्हणजे वास येईनासा झाला की निश्चिंत होण्याऐवजी पळत सुटायचे! शत्रूने आधी राखणदार कुत्र्यालाच गप्प करावे, तसा हा प्रकार.

अशा या शेजारातून एके दिवशी रसायनाचे विभागप्रमुख जिना चढून वर आले. हातात एक कागद होता. "मॅडम, एवढं जरा शुद्धलेखन बघून देता का? अकरावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळेचे नियम आहेत. मराठीत करून घेतलेत."

मी वाचू लागले. पहिलेच वाक्य असे होते : 'योग्य त्या सुरक्षात्मक नेत्रसाधनाचा अवलंब केल्याखेरीज कोणतीही प्रायोगिक कृती करण्यात येऊ नये.' मी म्हटले, "सर, या वाक्याला शुद्धलेखनाची नाही, डॉक्टरांची गरज आहे."

सर हसले नाहीत. एरवी ते माझ्यापेक्षा विनोदी. मग त्यांनी आदल्या आठवड्यातली हकिगत सांगितली.

अकरावीची पहिलीच तुकडी. मुलांना नियमांचा इंग्रजी कागद वाटलेला होता, सर्वांच्या सह्या घेतलेल्या होत्या. एक मुलगा तालुक्याच्या गावाहून आलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, गुण उत्तम, अक्षर मोत्यासारखे. सरांनी वर्गात विचारले, सल्फ्युरिक ॲसिड पातळ कसे कराल? हाच मुलगा उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ऑलवेज ॲड ॲसिड टू वॉटर." शाबासकी मिळाली. अर्ध्या तासाने प्रयोगशाळेतल्या मामांचे लक्ष जाईपर्यंत त्याच मुलाने बीकरमध्ये आधी ॲसिड घेतले होते आणि वरून पाणी ओतले होते.

बीकरमधून फस्सकन आवाज झाला आणि शिंतोडे उडाले. काही गालावर, काही मनगटावर, आणि दोन डाव्या चष्म्याच्या काचेवर. त्याला नंबर नसता तर? पण त्याला नंबर होता. एरवी आपण ज्या गोष्टीबद्दल आईबापांना हळहळताना पाहतो, तिने त्या दिवशी त्याचा डोळा राखला.

सरांना कोडे पडले होते ते वेगळेच. मुलगा उनाड नव्हता, त्याला नियम तोंडपाठ होता. मग त्याने नेमके उलटे का केले? ते कोडे मात्र माझ्या खात्यातले निघाले. इंग्रजी वाक्यात आधी 'ॲसिड' येते, मग 'टू', मग 'वॉटर'. शाळेत आपण 'टू' म्हणजे 'ला' असे घोकलेले असते. मुलाने मनातल्या मनात शब्द आले तसे ठेवले आणि प्रत्यय जवळच्या शब्दाला चिकटवला : ॲसिडला पाणी घाला. झाडाला पाणी घालतो तसे! इंग्रजी भाषा आपला सारा संसार शब्दांच्या क्रमावर चालवते. मराठी तो प्रत्ययांवर चालवते. 'पाण्यात आम्ल घाला' म्हणा, 'आम्ल घाला पाण्यात' म्हणा, 'घाला पाण्यात आम्ल' म्हणा. तो इवलासा सप्तमीचा 'त' पाण्याला सोडीत नाही, आणि काय कशात जायचे याविषयी लहान पोराचाही गोंधळ होत नाही. वीस वर्षे मी मुलांना विभक्ती शिकवते आणि वीस वर्षे मुले मला विचारतात, "मॅडम, याचा उपयोग काय?" आता मी त्यांना खाली प्रयोगशाळेत नेते.

पण नुसता प्रत्यय देऊन भागणार नव्हते. त्यामागचे कारण मलाही हवे होते. सरांनी ते इतके सुंदर समजावले की माझ्या शाळेत असे कोणी असते, तर मी कदाचित मराठीची प्राध्यापिका झाले नसते. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या पावणेदोन पटींहूनही जड. त्यावर पाणी ओतले की ते हलके म्हणून वरच्यावर राहते. दोघांची गाठ पडताच प्रचंड उष्णता निघते, ती त्या थोड्याशा पाण्याला तिथल्या तिथे उकळवते, आणि उसळणारी वाफ आम्लाचे थेंब घेऊन वर उडते. उलट पुष्कळ पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडले, तर ते जड म्हणून खाली उतरत जाते, काचेच्या कांडीने ढवळत राहावे, उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. वस्तू त्याच दोन. घरात कोण कोणाकडे आले आणि किती सावकाश आले, एवढाच फरक.

मग आम्ही दोघे तो कागद घेऊन बसलो. प्रथम 'करण्यात येऊ नये' हा कर्मणी प्रयोग मी सरसकट काढला. कर्मणीत कर्ता गायब होतो. आणि प्रयोगशाळेत हात भाजतो तो कर्त्याचाच. 'नेत्रसाधन' जाऊन 'डोळ्यांवर संरक्षक चष्मा' आला. 'चंचुपात्र' आणि 'शंकुपात्र' यांच्यावरून माझ्याच विभागातल्या एका सहकाऱ्यांनी मला परभाषाशरण ठरवले. ते शब्द मुलांना दहावीपर्यंत परिचयाचे असतात आणि मलाही ते आवडतात. चोच असलेले ते चंचुपात्र, यात केवढे चित्र आहे! पण धोक्याच्या वेळी मामा "बीकर ठेव खाली!" असेच ओरडणार. म्हणून फळ्यावरही बीकर. भाषेचा अभिमान मी निबंधात मिरवीन, तिथे नको.

सरांचा आग्रह होता की नियम थोडक्यात असावेत. माझा आग्रह की प्रत्येकापुढे कारण असावे. 'वायूचा थेट वास घेऊ नका' म्हटले की मुलाला वाटते, मोठ्यांना काहीतरी लपवायचे आहे. 'नळी नाकापासून दूर धरा आणि हाताने थोडी हवा आपल्याकडे वारा, कारण एका श्वासात आत गेलेला वायू बाहेर काढता येत नाही' म्हटले की तो ऐकतो. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे नको, हे सगळे पाळतात. समोरच्या मैत्रिणीकडेही नको, हे सांगावे लागते. पेटत्या स्पिरिटच्या दिव्यावर फुंकर मारायची नाही, टोपण घालून विझवायचा. एका दिव्यावर दुसरा दिवा कलता करून पेटवायचा नाही. दिवाळीत पणतीवर पणती पेटवणाऱ्या आपल्या मुलींना हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पणतीतले तेल शांत स्वभावाचे असते, स्पिरिट तसे नसते. ओढणी आणि मोकळे केस यांबद्दल फार लिहिले नाही. 'केस बांधा, ओढणी काढून ठेवा' एवढेच.

मला सर्वांत भावला तो नियम असा : तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असतात. हे वाक्य सरांच्या तोंडून सहज निघाले. मी ते जसेच्या तसे ठेवले.

पिपेटचा नियम लिहिताना मात्र सर थोडे अवघडले. पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढायचा नाही, रबरी फुग्याने ओढायचा. आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या कितीतरी मुलांनी तोंडानेच ओढला आहे, आणि त्यांना तसे शिकवणाऱ्यांनीही. भिंतीवर नियम आणि भिंतीखाली नियम मोडणारे गुरुजी, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. सरांनी फुग्यांची नवी मागणी त्याच दिवशी लिहिली. ती मंजूर व्हायला किती दिवस लागले ते मी सांगत नाही.

चव आणि वास यांची ही खोड रसायनाच्या थोर माणसांनाही होती. ऑक्सिजन ओळखणारा कार्ल शेले प्रत्येक नव्या पदार्थाची चव घेऊन पाही. जहाल अशा प्रुसिक आम्लाच्या चवीचेही त्याने वर्णन करून ठेवले आहे. 1786 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. हाताळलेल्या विषांनीच त्याचा घात केला असावा, असा अनेकांचा तर्क आहे. पुस्तकांची बांधणी करणारा मायकेल फॅरडे शास्त्रज्ञ कसा झाला, ही गोष्ट आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. पण 1812 मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने हम्फ्री डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली आणि लिहिण्याच्या कामाला माणूस हवा झाला, म्हणून त्या पोराला बोलावणे गेले, हा भाग आपण गाळतो. त्याच पदार्थाने ड्युलाँग या फ्रेंच शास्त्रज्ञाचा एक डोळा आणि हाताची बोटे आधीच नेली होती.

हे सारे जुन्या अडाणी काळातले, असे कोणी म्हणेल. कॅरन वेटरहान ही अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजची प्राध्यापिका, विषारी धातूंचीच अभ्यासक. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे एकदोन थेंब तिच्या हातमोज्यावर पडले. तिने हातमोजे घातले होते, नियम पाळले होते. पण ते द्रव्य तसल्या हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जाते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. जून 1997 मध्ये ती गेली. तिच्यानंतर हातमोज्यांविषयीचे नियम बदलले. प्रयोगशाळेतल्या नियमांच्या मागे अशी माणसे उभी असतात, हे कळल्यापासून मी तसल्या फलकांकडे 'येथे थुंकू नये'च्या पंक्तीत बसवून पाहत नाही.

आता मामांविषयी. ते तीस वर्षे त्या प्रयोगशाळेत आहेत. पदवी नाही, पण हाताला अक्कल आहे. त्या दिवशी शिंतोडे उडाल्यावर एकच गोंधळ झाला. कोणी म्हणे खाण्याचा सोडा लावा, आम्ल मरेल, कोणी टूथपेस्ट सुचवली, एकीने हळद. मामांनी कोणाचे ऐकले नाही. मुलाची मान धरून त्याचा चेहरा नळाखाली नेला, दुसऱ्या हाताने मनगट धारेत धरले, आणि घड्याळात पाहत वीस मिनिटे त्याला हलू दिले नाही. मुलगा "झालं, मामा, आता बरं वाटतंय" म्हणत होता. मामा म्हणाले, "तुला बरं वाटतंय, कातडीला वाटूं दे." डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितले : भरपूर वाहते पाणी, लगेच आणि बराच वेळ, वरून काही चोपडायचे नाही. डोळ्यात गेले असते तरी हेच, पापण्या उघड्या धरून. आणि आम्लाला जेवढे भितो त्याहून अधिक कॉस्टिक सोड्याला भ्यावे, कारण तो डोळ्यात खोल शिरतो. बोटांना तो साबणासारखा बुळबुळीत लागतो; मामांनी मला सांगितले की तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीतल्या चरबीचा होणारा साबण!

दुसऱ्या दिवशी मुलाची आई आली. गावाहून पहाटेच्या एस्टीने निघून ती दुपारी पोचली होती. कार्यालयात तिला तो इंग्रजी कागद आणि खालची सही दाखवण्यात आली. तिने कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "सही त्याचीच आहे. पण हे त्याला कोणी वाचून दाखवलं होतं का?" कार्यालयात त्यावर कोणी बोलले नाही. मला वाटते, बऱ्याच ठिकाणी असले कागद मुलाला वाचवण्यासाठी नसून संस्थेला वाचवण्यासाठी असतात, आणि म्हणूनच त्यांची भाषा तशी असते. सर जिना चढून वर आले ते या बाईंचा प्रश्न ऐकून.

आता दर वर्षी पहिल्या तासाला कागद वाटत नाहीत. मुलांना टेबलाभोवती उभे करून सर एकेक नियम करून दाखवतात, आणि मुलांकडून तो त्यांच्या शब्दांत वदवून घेतात. वऱ्हाडी, अहिराणी, हिंदी, कोणत्याही. गेल्या वर्षी तोच मुलगा बारावीत होता, तेव्हा पाण्यात आम्ल घालून दाखवायला सरांनी त्याला बोलावले. गालावरचा डाग आता जवळून पाहिले तरच दिसतो.

यंदा माझी मुलगी अकरावीत गेली. पांढरा कोट आणल्याबरोबर तिने फोटो काढून घेतले. चष्म्यासाठी मला दुकानात पुन्हा जावे लागले. पण शिकवलेले ती घरी घेऊन येते. परवा दिवाळीची साफसफाई काढली होती. सासूबाईंनी मोरीच्या फरशीवर ॲसिड ओतले आणि अधिक चकाकी यावी म्हणून ब्लीचिंग पावडरचा डबा उघडला.

"आजी, थांब! दोन्ही एकत्र नको. क्लोरीन होतो, घुसमटशील."

"अगं, इतकी वर्षं घासतेय मी मोरी."

"दोन्ही एकदम?"

सासूबाईंनी क्षणभर आठवून पाहिले. मागच्या वर्षी मोरीतून खोकत बाहेर आल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी ते थंडीवर ढकलले होते. त्यांनी डब्याचे झाकण लावले, खिडकी उघडली, आणि मला हाक मारून म्हणाल्या, "ही बाटली मोरीत राहू दे. डबा मात्र गॅलरीत ठेव, वरच्या फळीवर. आणि त्यावर नीट लिही काहीतरी, तुझ्या त्या फळ्यावर लिहितेस तसं."

मी लिहिले : 'ॲसिडात घालू नये.' सासूबाईंनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, "आणि ॲसिड यात?"

मी खाली दुसरी ओळ लिहिली.