अपस्मार आणि आठवण: वैभववाडीतील एक अनुभव

अपस्मार या शब्दाच्या पोटात ‘स्मर’ आहे. स्मृती जाणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि चरकसंहितेत या व्याधीचे नाव त्याच अर्थाने येते. रोजच्या बोलण्यातली फिट, आकडी, फेफरे ही नावे मात्र झटक्याची आणि पडण्याची आहेत. त्यामुळे आजार म्हणजे झटका आणि झटका थांबला की माणूस बरा, असा समज पक्का झाला आहे. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात हा समज सर्वांत जास्त फसवा ठरतो. या प्रकारात माणूस पुष्कळदा पडतही नाही, आणि दोन झटक्यांमधल्या दिवसांत त्याची आठवण, त्याचे शब्द आणि त्याचे लक्ष हळूहळू उणे होत असते.

प्रस्तुत लेखकाला हा विकार २००३ पासून, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून आहे. सिंधुदुर्गातल्या वैभववाडीच्या बाजारपेठेत घरचे किराणा दुकान आहे. पुढील उदाहरणे त्याच दुकानातली आणि घरातली आहेत.

टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना असलेला मेंदूचा भाग. त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस नावाची वळलेली रचना असते. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतून तिला हे नाव मिळाले. आज सकाळी काय घडले, कोण भेटले, काय ठरले, याची नवी आठवण तयार होण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो. या प्रकारच्या अपस्माराच्या बऱ्याच रुग्णांत नेमका हाच भाग आक्रसलेला आणि कठीण झालेला आढळतो. लहानपणी तापात आलेली लांबलेली आकडी अशा रुग्णांच्या पूर्वेतिहासात वारंवार दिसते. प्रस्तुत लेखकालाही तिसऱ्या वर्षी तशी आकडी आली होती. घरात ती गोष्ट केवळ देवाला बोललेल्या नवसामुळे लक्षात राहिली होती, आणि डॉक्टरांना ती सांगितली गेली फार उशिरा.

झटक्याची सुरुवात बहुधा आतून होते. पोटातून काहीतरी वर चढत येते, नाकाला करपल्याचा वास येतो, समोरचे सारे पूर्वी एकदा असेच घडून गेले आहे असे वाटते. मग नजर स्थिर होते, ओठ चाटले जातात, हात काहीतरी चाळवत राहतो. दुकानात हा हात पुडीच्या दोऱ्याशी खेळे. गिऱ्हाईक समोर उभे, गूळ तराजूत, आणि बोटे दोरा गुंडाळत राहिलेली. मिनिटभरात सर्व आटोपे, पण पुढची पाच-दहा मिनिटे गोंधळात जात. वडील विचारत, “तुजा लक्ष खंय आसा?” पहिली दोन वर्षे याला तंद्रीच म्हटले गेले. अंग न झडणारी, माणूस न पाडणारी ही फिट आहे हे ओळखायला एवढा काळ लागणे दुर्दैवाने नेहमीचे आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचे उपाय याही वेळी झाले. त्यांचा काहीही उपयोग नसतो. अशा वेळी माणसाला धरून न दाबता चूल, विहीर, रस्ता यांपासून हळूच बाजूला न्यावे. अंग झडत असेल तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांपलीकडे गेला तर रुग्णालय गाठावे.

झटक्याच्या वेळचे आठवत नाही हे कोणालाही पटते. न पटणारी गोष्ट वेगळी आहे: झटका आलेला नसतानाही आठवण टिकत नाही.

किराणा दुकानात उधारी ही आठवणीची कसोटी असते. वही असतेच, पण जुना दुकानदार तिच्यावर विसंबत नाही. कोकिसऱ्याच्या कोणी तांदूळ नेले, नाधवड्याच्या कोणाचे किती राहिले, हे त्याच्या तोंडी असते. प्रस्तुत लेखकाकडून सकाळची उधारी दुपारपर्यंत निसटू लागली. पैसे देऊन गेलेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागितले गेले आणि न दिलेल्याचे खाते बुडाले. गावात याचे दोन अर्थ निघाले, आळस किंवा लबाडी. आजार हा तिसरा अर्थ कोणालाच सुचला नाही, कारण फिट तर त्या दिवशी आली नव्हती.

याहून चमत्कारिक एक प्रकार आहे. काही रुग्णांना नवी गोष्ट अर्ध्या तासाने, दुसऱ्या दिवशीही नीट सांगता येते, पण काही आठवड्यांत ती नेहमीपेक्षा फार लवकर पुसली जाते. तज्ज्ञ याला वेगाने होणारे दीर्घकालीन विस्मरण म्हणतात. नेहमीच्या चाचणीत अर्ध्या तासानंतरची आठवण तपासतात. त्यामुळे असा रुग्ण चाचणीत उत्तीर्ण होतो आणि त्याची तक्रार खोटी ठरते. जत्रेतला दशावतार प्रस्तुत लेखकाने पहाटेपर्यंत पाहिला, दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचे आख्यान संकासुरासकट सांगितले, आणि महिन्याभराने आपण त्या जत्रेला गेलो होतो हेच त्याला दुसऱ्यांकडून ऐकावे लागले. (रात्रीचे जागरण झटका ओढवून आणते, त्यामुळे ते दशावतारही पुढे बंद झाले. सिंधुदुर्गात वाढलेल्या माणसासाठी हा तोटा लहान नाही.) बहिणीच्या लग्नाचेही असेच झाले. फोटो आहेत, फोटोत तो स्वतः आहे, पण त्या दिवसाची आतली आठवण नाही.

मेंदूची कोणती बाजू आजारी आहे यावर नुकसानीचे स्वरूप अवलंबून असते. बहुतेक लोकांत भाषा डाव्या बाजूला असते. त्यामुळे डावा टेम्पोरल लोब बिघडला की ऐकलेले शब्द, नावे, निरोप लक्षात राहत नाहीत आणि ओळखीच्या वस्तूचे नाव जिभेवर येऊन अडते. उजवी बाजू बिघडली तर चेहरे, जागा, वाटा यांची आठवण कमी होण्याकडे कल असतो, पण हा संबंध डाव्या बाजूइतका पक्का नाही. प्रस्तुत लेखकाचा विकार डावा. अडकित्ता हातात असताना “सुपारी कातरायचा ते” एवढेच सुचते. वस्तू कळते, तिचा उपयोग कळतो, नाव मिळत नाही.

या उणिवेचे कारण एकच नसते. हिप्पोकॅम्पसची इजा हे मूळ झाले. वारंवार येणारे झटके त्यात भर घालतात. झटका बाहेर दिसत नसतानाही मेंदूत विजेच्या लहान ठिणग्या उडत राहतात आणि आठवण साठण्याच्या क्षणी त्या आड येतात. औषधांचाही वाटा असतो. फेनोबार्बिटोनने विचार मंद होतो, टोपिरामेटने शब्द सापडणे अवघड होते, आणि दोन-तीन औषधे एकत्र आली की सुस्ती वाढते. तरीही औषध मनाने बंद करणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, कारण एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. औषध किंवा मात्रा बदलायची तर ती डॉक्टरांनीच. उदासी हे आणखी एक कारण. ती या रुग्णांत पुष्कळ आढळते, स्वतःच स्मरण खाते, आणि तिच्यावर उपचार करता येतो. घरच्यांना सर्वांत मोठी भीती वेडाची किंवा म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाची वाटते. हा तो आजार नव्हे. बहुतेकांत घसरण अतिशय संथ असते, आणि झटके आटोक्यात आले तर ती थांबूही शकते.

हिप्पोकॅम्पसचे आठवणीतले काम जगाला कळले तेच अपस्माराच्या एका रुग्णामुळे. १९५३ साली अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने २७ वर्षांच्या हेन्री मोलेसन या तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवी आठवण म्हणून जवळजवळ काही ठेवता आले नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अभ्यास केला. आरशात पाहून चित्र गिरवण्याचे कसब तो शिकला, पण आपण ते कधी शिकलो हे त्याला ठाऊक नसे. त्यानंतर दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया कोणी करत नाही.

एका बाजूची शस्त्रक्रिया मात्र चांगली उपयोगी पडते. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत तर तिचा विचार करायचा असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या ८० रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, तर केवळ औषधांच्या गटातले ८ टक्के. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून ही शस्त्रक्रिया होते, आणि मुंबईतही होते. पेच असतो तो आठवणीचा. डावा हिप्पोकॅम्पस अजून बऱ्यापैकी काम करत असेल तर तो काढल्यावर शब्दांची आठवण आणखी खालावू शकते. आधीच निकामी झालेला असेल तर गमावण्यासारखे फारसे उरलेले नसते. हे ठरवण्यासाठी एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणाची सविस्तर चाचणी लागते.

प्रस्तुत लेखकाची अशी चाचणी २०१४ साली मुंबईत झाली. शब्दांची यादी ऐकून सांगणे, गोष्ट सांगणे, आकृती पाहून नंतर आठवून काढणे, चित्रांना नावे देणे, असे तिचे स्वरूप असते. तेथे एक अडचण आली, आणि ती सर्वच बोलींच्या रुग्णांना येणार. काकडीच्या चित्राला “तवसा” म्हटले तर ते बरोबर धरायचे की चूक? तपासणाऱ्या बाईंनी थांबून विचारले, समजून घेतले आणि बरोबर धरले. प्रमाण मराठीतला शब्द न येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. चाचणीला जाताना रुग्णाची बोली जाणणारे माणूस सोबत न्यावे. निष्कर्ष असा निघाला की डावी बाजू आजारी आहे, पण आठवणीचे बरेच काम अजून तीच करते आहे. शस्त्रक्रिया केली नाही. औषधांची जोडी बदलली आणि आता झटका वर्षातून एखादा येतो.

आठवण परत आली नाही. तिच्याभोवती व्यवस्था उभी करावी लागली. उधारी गिऱ्हाईक समोर असतानाच लिहायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची, ही दुकानाची रीत झाली. किल्ल्यांना एकच खिळा. गोळ्यांसाठी वारांची डबी आणि मोबाइलचा गजर. रात्री दिवसभराच्या चार ओळी वहीत, आणि ती वही आठवड्याने व महिन्याने पुन्हा वाचणे. अंतर ठेवून उजळणी केल्याने विस्मरणाचा वेग काहीसा कमी होतो. झटका आला तर घरातले कोणीतरी त्या वेळचे काय घडले ते लिहून ठेवते.

लपवाछपवी या साऱ्याच्या आड येते, आणि ती लग्नाच्या भीतीतून येते. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराच्या आधारे विवाह रद्द ठरवण्याची तरतूद होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली गेली, हे आजही अनेक घरांत माहीत नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा अपस्मारग्रस्तांचा स्वमदत गट उभा केला. त्यांनी स्वतः हा आजार अनुभवला आहे. तळकोकणात असा गट तालुक्यातालुक्यात हवा. करूळ घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या रुग्णाला दिवस मोडावा लागतो आणि डॉक्टरांसमोर मिळतात पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांत फिट किती आल्या एवढेच विचारले जाते. प्रस्तुत लेखकाला नऊ वर्षे तेवढेच विचारले गेले, आणि त्यानेही तेवढेच सांगितले.

म्हणून ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी पुढच्या खेपेला जाण्याआधी, काय विसरले जाते, कोणते शब्द अडतात आणि केव्हापासून, हे कागदावर लिहून न्यावे, आणि ती तक्रार केसपेपरवर नोंदवून घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नये.