बोलावणे

बोलावणे हा शब्द मराठीत मोठा अर्थभरित आहे. लग्नामुंजीचे बोलावणे येते, हळदीकुंकवाचे येते. आषाढ जवळ आला की वारकऱ्याला पंढरीचे बोलावणे येते. आणि सर्वांच्या शेवटी, ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही असेही एक बोलावणे येतेच. या सर्व प्रकारांची सवय असलेल्या आमच्या घरी गेल्या वर्षी, आषाढी एकादशीला आठवडा उरला असता, एक अगदी निराळे बोलावणे आले. ते आम्हांस नव्हते. आमच्या मोटारीस होते.

मोटारीला बोलावणे येते म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. एखाद्या जातीच्या गाड्या विकून झाल्यावर त्यांच्या घडणीत काही धोक्याचा दोष राहून गेला आहे, असे कारखान्याच्या ध्यानी येते. मग कारखाना त्या जातीच्या सर्व गाड्या परत बोलावितो आणि सदोष भाग विनामूल्य बदलून देतो. इंग्रजीत याला ‘रिकॉल’ म्हणतात. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणून औषधपाणी करावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, आमच्या गाडीला बोलावणे आले खरे, पण माहेरची तयारी झालेली नव्हती.

परंतु दुखण्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे. बोलावण्याच्या आदल्या पावसाळ्यात एके रात्री दोनच्या सुमारास आमच्या गृहसंस्थेच्या तळघरात एक भोंगा वाजू लागला, आणि तो थांबेना. खिडक्या उघडल्या, दिवे लागले, चिटणीस हातात विजेरी घेऊन खाली धावले. भोंगा आमच्याच गाडीचा होता. गाडीत कोणी नव्हते, किल्ली आमच्या उशाशी होती. तरी ती आपली आक्रंदत होती. पुढे हे नित्याचे झाले. कधी समोरच्या फळीवरचे सारे दिवे एकदम पेटावेत, कधी काचा पुसणाऱ्या दांड्या रखरखीत उन्हात नाचू लागाव्यात. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ना? मग बघा की जरा काय झालंय ते!”

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ओहमचा नियम आम्ही गेली 28 वर्षे शिकवीत आहो. फळ्यावर काढलेल्या मंडलात दोष कोठे आहे, हे आम्ही डोळे मिटून सांगू. परंतु फळ्यावरच्या तारा सरळ असतात आणि त्यांना नावे दिलेली असतात. गाडीचे झाकण उघडल्यावर जे दिसले, ते केस न विंचरलेल्या डोक्यासारखे होते. आम्ही झाकण पुन्हा लावले.

कंपनीच्या दुरुस्तीगृहात गाडीला संगणक जोडण्यात आला. त्याने दहा मिनिटे विचार करून निकाल दिला : दोष आढळला नाही. दोष आढळत नाही तेथे दुरुस्ती कशाची करणार? आम्ही शुल्क भरून परत आलो. आणि त्याच रात्री भोंगा पुन्हा वाजला.

अखेर आमच्या गल्लीच्या टोकाशी बसणाऱ्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याचे सारे शास्त्र म्हणजे दोन तारा लावलेला एक लहान दिवा. तो दिवा ठिकठिकाणी टेकवीत, पेटतो की नाही हे पाहत, अर्ध्या तासात तो एका जोडापाशी येऊन थांबला. “हे बघा सर, कपलरमध्ये पाणी उतरतंय. हिरवं पडलंय सगळं. तुमच्या गाडीचीच खोड आहे ही. ह्याच कंपनीच्या आणखी तीन गाड्या आल्यात माझ्याकडं.”

जोडातील तांब्यावर खरोखरच कळंक चढला होता. लहानपणी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकत असे, त्याची आठवण झाली. मग आमच्यातला प्राध्यापक जागा झाला. कळंकाने जोडाची पकड ढिली होते, ढिल्या जोडापाशी रोध वाढतो, आणि रोधातून प्रवाह वाहू लागला की तेथे उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हा जूलचा नियम आम्ही दर वर्षी शिकवितो. शिवाय गाडी बंद केली तरी काही तारांतून वीज खेळतच असते. म्हणजे ती निजलेली असतानाही हा धोका जागाच असतो. वायरिंगवाल्याने जोड घासून दिला, वर रबराची पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, “हे तात्पुरतं. खरी दुरुस्ती कंपनीनंच करायला पाहिजे.”

कंपनीचे पत्र त्यानंतर सुमारे एक वर्षाने आले. भाषा अत्यंत सभ्य होती. विशिष्ट जोडात पाणी शिरून क्वचित प्रसंगी आग लागण्याचा संभव आहे. बदलावयाचा भाग तूर्त उपलब्ध नाही. उपलब्ध होताच कळविण्यात येईल. तोपर्यंत ग्राहकांनी गाडी इमारतीपासून दूर, उघड्या जागी उभी करावी. वाचकहो, दोष पाण्याने उत्पन्न होणारा, महिना आषाढाचा, आणि उपाय सांगितला तो गाडी उघड्यावर ठेवण्याचा! आम्ही एक ताडपत्री आणली आणि रस्त्याच्या कडेला एका पर्जन्यवृक्षाखाली गाडीची स्थापना केली.

मग वाट पाहणे सुरू झाले. दुरुस्तीगृहातील तरुण मोठा विनयशील होता. आषाढात तो म्हणाला, “सर, गणपतीनंतर भाग येतील.” गणपतीनंतर म्हणाला, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणाला, संक्रांतीनंतर. हिंदूंचे सण संपेपर्यंत त्याची आश्वासने संपणार नव्हती. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याच्याजवळ भाग नव्हताच, होता तो फक्त विनय.

या दुःखात आम्ही एकटे नव्हतो, एवढे समाधान वाचनाने मिळाले. अमेरिकेत 2023 च्या सप्टेंबरात ह्युंदाई व किया या कंपन्यांनी 33 लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या. ब्रेकच्या नियंत्रक यंत्रात आतल्या आत गळती होऊन विजेचा संक्षेप घडण्याचा आणि आग लागण्याचा संभव होता. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाड्या घरापासून दूर ठेवा, असे मालकांस सांगण्यात आले. त्याआधी 2021 साली शेव्हरोले बोल्ट या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या सुमारे 1 लाख 40 हजार मालकांस असाच निरोप गेला होता. गाडी बाहेर ठेवा, रात्री विद्युत्संचय करण्यास लावून निजू नका, पूर्ण संचयही करू नका, अशी पथ्ये त्यांना सांगितली होती. आणि नवी बॅटरी हाती पडेपर्यंत कित्येकांनी ती महिनोन्‌महिने पाळली. दुखणे कळणे आणि औषध मिळणे यांमधला काळ सगळीकडे सारखाच लांबतो, असे दिसते.

परंतु आमच्या पत्रातील एका शब्दाचा विचार आम्ही केला नव्हता. ‘इमारतीपासून दूर’ असे त्यात म्हटले होते. इमारतीपासून दूर म्हणजे कोणाजवळ? त्या पर्जन्यवृक्षाखाली एक भाजीवाल्या मावशी रोज सायंकाळी हातगाडी लावीत. आमच्या गाडीचा त्यांना वाऱ्याला आडोसा झाला होता, आणि त्यांचा नातू ताडपत्रीखाली शिरून खेळत असे. हे आम्ही पंधरा दिवस पाहत होतो. बोलावेसे वाटे, पण काय बोलणार? आपलीच गाडी पेटण्याजोगी आहे, हे प्रतिष्ठित मनुष्याने चारचौघांत कसे सांगावे? अखेर एके दिवशी धीर करून सांगितले. मावशींनी निमूटपणे हातगाडी वीस पावले पुढे ढकलली, नातवाला हाक मारली, आणि एवढेच म्हणाल्या, “आधी सांगायचं होतं की, सर.”

त्या रात्री आम्ही मावशींवरची लाज कंपनीवर काढण्याचे ठरविले आणि एक खरमरीत तक्रारपत्र लिहावयास बसलो. पुराव्यासाठी कायदा उघडला. 2012 पासून आपल्याकडील कारखानदार स्वेच्छेने गाड्या परत बोलावीत असत. 2019 च्या मोटारवाहन दुरुस्ती कायद्याने 110-अ हे कलम घातले, आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याखालील नियम अमलात येऊन सरकारलाही तसा हुकूम करता येऊ लागला. दंड 1 कोटी रुपयांपर्यंत आहे. येथवर वाचून आम्हांस बरे वाटले. परंतु त्याच कलमात पुढे एक पोटकलम निघाले : कारखानदाराला आपला दोष आपणच दिसला, त्याने तो सरकारला कळविला आणि गाड्या परत बोलाविल्या, तर त्यास दंड नाही. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतके शहाणपणाचे वाक्य आढळेल, अशी आमची कल्पना नव्हती. चूक होणे हा येथे गुन्हा नाही. चूक कळल्यावर गप्प बसणे हा गुन्हा आहे.

उलट उदाहरणही आम्हांस ठाऊक होते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या काही गाड्यांत किल्लीचा खटका ढिला होता. किल्लीला धक्का लागला की गाडी धावता धावता बंद पडे, सुकाणू जड होई, आणि अपघात झाला तर रक्षक पिशव्या उघडत नसत. 2004 च्या सुमारासच ही तक्रार कंपनीच्या अभियंत्यांच्या कानी आली होती. 2006 साली एका अभियंत्याच्या संमतीने तो खटका सुधारण्यात आला. मात्र त्याचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. नव्या गाड्या सुधारल्या. जुन्या रस्त्यावर तशाच धावत राहिल्या. आणि क्रमांक एकच असल्याने दोहोंतला फरक शोधणाऱ्यांस वर्षानुवर्षे उमगला नाही. परतीचे बोलावणे निघाले ते 2014 साली. पुढे भरपाईच्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि 2015 मध्ये कंपनीने 90 कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. खटक्याची किंमत एका डॉलरहूनही कमी होती.

‘क्रमांक जुनाच ठेवला’ हे शब्द तक्रारपत्रात लिहिताना आमचा हात थांबला.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हापासून पुढे 11 वर्षे विमान का उडते, हे एका ठरावीक रीतीने शिकवीत होतो. पंखाची वरची बाजू फुगीर असते. पंखाच्या पुढच्या कडेपाशी दुभंगलेली हवा मागच्या कडेपाशी एकाच क्षणी पुन्हा भेटली पाहिजे. म्हणून वरची हवा अधिक वेगाने जाते. वेग वाढला की दाब घटतो, आणि विमान उचलले जाते. स्पष्टीकरण सुबक होते, अनेक पुस्तकांत छापलेले होते. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मग कसरतीत विमान उलटं कसं उडतं?” आम्ही म्हणालो, “तो भाग अभ्यासक्रमात नाही.” म्हणजे, दोष आढळला नाही!

त्या रात्री आम्ही ग्रंथ चाळले. दुभंगलेल्या हवेने एकाच क्षणी भेटावे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही; वरची हवा तर खालचीच्या आधीच पुढे पोहोचते. दाबातला फरक खरा, पण आम्ही दिलेले त्याचे कारण खोटे. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर लोटते, ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील साधी गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. पुढल्या वर्षी आम्ही टिपण बदलले. व्याख्यानाचा क्रमांक मात्र तोच ठेवला : 14. आधीच्या 11 तुकड्यांस काही कळविले नाही. त्या मुलीसही नाही.

तुमच्या चुकीने कोठे आग लागली, असे कोणी विचारील. आग लागली नाही, हे खरे. परंतु त्या तुकड्यांतील किती तरी मुले आज स्वतः शिक्षक आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांतील एकास, साताऱ्याकडे शाळेत शिकविणाऱ्यास, आम्ही दूरध्वनी केला आणि विमान कसे शिकवितोस, असे सहज विचारले. तो आनंदाने म्हणाला, “सर, तुमचंच शिकवतो! शब्दन्‌ शब्द लक्षात आहे.” एखाद्या गुरूला याहून गोड वाक्य ऐकावयास मिळणार नाही, आणि ते ऐकताना आम्हांस घाम फुटला. सदोष माल कारखान्याबाहेर पडून आता दुसऱ्यांच्या हातून नव्याने घडत होता.

तक्रारपत्र आम्ही पाठविले. एक शब्दही सौम्य केला नाही. वायरिंगवाल्याच्या दिव्याला जे अर्ध्या तासात कळले, ते कंपनीला कळण्यास एक वर्ष आणि दुरुस्त करण्यास आणखी आठ महिने लागावेत, हे अक्षम्य आहे. परंतु त्याबरोबरच आम्ही आणखी पत्रे लिहिली. ज्यांचे पत्ते मिळाले असे 19 जुने विद्यार्थी निघाले. उलट्या विमानाची शंका काढणारी ती मुलगीही त्यांत सापडली. तिला लिहिलेले पत्र सर्वांत अवघड गेले. तिचे उत्तर दोन ओळींचे होते : त्या दिवसापासून आपण वर्गात प्रश्न विचारणे सोडले होते, आणि सरांचे पत्र मुलाला वाचून दाखविले आहे.

फाल्गुनात आमच्या गाडीला खरे बोलावणे आले. दुरुस्तीस चाळीस मिनिटे लागली. जुना जोड आम्ही मागून घेतला. तो टेबलावर आहे. अंगठ्याएवढी वस्तू, आत हिरवी पडलेली. गाडी पुन्हा तळघरात गेली आणि मावशींची हातगाडी पुन्हा झाडाखाली आली.

साताऱ्याच्या शिक्षकाने मात्र पत्रोत्तरी एक अडचण विचारली आहे : पंधरा वर्षांच्या मुलांना पटेल असे सोपे व खरे स्पष्टीकरण कोणते द्यावे? त्यावर आम्ही गेले तीन आठवडे विचार करीत आहो, आणि अजून मनासारखे उतरलेले नाही. तूर्त त्यास एवढेच कळविले आहे की, बदलावयाचा भाग लवकरच पाठवितो; तोपर्यंत जुने स्पष्टीकरण मुलांपासून दूर ठेवावे.