पोटाला आधार

सरकारी नोकरीत बढती माणसाला मिळते असा समज आहे. वस्तुतः ती प्रथम त्याच्या पोटाला मिळते. आम्ही कनिष्ठ होतो तेव्हा बैठकीत नुसता चहा येई. पुढे चहाबरोबर बिस्किटे आली, त्यामागून समोसे आले आणि अलीकडे तुपात परतलेल्या काजूंची बशी नेमकी आमच्या खुर्चीसमोर येऊन बसते. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. बशी मात्र त्याच बैठकीत निकालात निघते.

पाटण्यास बदली होऊन आलो त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत या सर्व बैठकांचे इतिवृत्त एका कागदावर उतरले. वजन ८९ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर, उपाशीपोटीची साखर ११८. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर म्हणाले आणि मग त्यांनी वडिलांविषयी विचारले. वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह जडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्याच महिन्यात, ते गेले. आमचे वय त्या दिवशी सेहेचाळीस होते. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले होते, ते त्यांनी सांगितले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या लोकांना सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्याचे लक्ष्य दिले होते, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. आमचे सात टक्के म्हणजे सहा किलो.

हिशेब सोपा वाटला. कमी खावे, म्हणजे वजन कमी होईल. आम्ही रात्रीचे जेवण बंद करून त्या जागी काकडी आणि गाजर यांची नेमणूक केली. मुलांच्या शाळेपायी सौभाग्यवती पुण्यास राहिल्या होत्या. घरी आम्ही आणि आई. ती आमच्या ताटाकडे पाही आणि काही बोलत नसे. काकडीने पोट तुडुंब भरे. परंतु अकराच्या सुमारास झोप उडे आणि पावले स्वयंपाकघरातील फळीकडे वळत. तेथे बेसनाच्या लाडवांचा डबा होता. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तोंडात दुसरा लाडू असताना दिवा लागला. दारात आई उभी होती.

“उपाशी निजवायला मी इथं राहिले का रे?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “ह्यांनीही असंच सुरू केलं होतं. दिवसा उपास आणि रात्री डबा.”

त्या रात्री आम्हांला पुन्हा झोप आली नाही, आणि त्यास भूक कारण नव्हती.

पुढच्याच आठवड्यात गयेकडे दौरा निघाला. दुपारचा एक वाजून गेला होता, काम संपले नव्हते आणि जेवणाची व्यवस्था कोठे झाली आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. आमचा ड्रायव्हर झाडाच्या सावलीत थाळीत सत्तू मळीत बसला होता. भाजलेल्या हरभऱ्याचे ते पीठ. त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ, लिंबू आणि मोहरीच्या तेलाचे चार थेंब. “साहेब, चार घास घ्या,” तो म्हणाला. आम्ही संकोचाने घेतले. गोळा मुठीएवढाच होता. परंतु चावून चावून खावा लागला. संध्याकाळी सहाला विश्रामगृहात चहा आला तेव्हा लक्षात आले, की मधल्या पाच तासांत आम्हांला बिस्किटांची आठवणही झाली नव्हती.

येताना अर्धा किलो सत्तू आणला. आईने चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाली, “अरे, हे तर आपलं सातूचं पीठ! आपल्याकडं त्यात गहू असतात, एवढंच.” मग पिशवीचे तोंड बांधता बांधता तिने जे सांगितले, ते आम्हांला कोणत्याच तक्त्यात सापडले नव्हते. “पोट भरणं निराळं आणि पोटाला आधार होणं निराळं. काकडीनं पोट भरतं. आधार होत नाही.”

पुढे वाचू लागलो तेव्हा शास्त्रही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच सांगत असल्याचे दिसले. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ साली समान उष्मांकांचे ३८ पदार्थ लोकांना खाऊ घातले आणि पुढचे दोन तास त्यांची भूक मोजली. पांढऱ्या पावाच्या तृप्तीस १०० धरले, तर लोण्याच्या क्रोसाँला ४७ गुण मिळाले आणि उकडलेल्या बटाट्यास ३२३. ज्या बटाट्यास आम्ही जन्मभर दोष दिला, तो निर्दोष सुटला. अपराध समोशाच्या तेलाचा होता. प्रथिनांचा एक ग्रॅम चार उष्मांक देतो, स्निग्धाचा नऊ. ज्या अन्नात प्रथिने, चोथा आणि पाणी अधिक, ते थोड्या उष्मांकांत बराच वेळ आधार देते. काकडीत पाणी होते. प्रथिने जवळजवळ नव्हती.

सत्तूच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. पण उष्मांकही चारशेच्या घरात. म्हणून त्यात गूळ कालवून पेल्यामागून पेले रिचवणारा मनुष्य बारीक होईल, या भ्रमात राहू नये. प्यायलेल्या अन्नापेक्षा चावलेले अन्न भूक अधिक काळ थोपवते. आईच्या सातूत गूळ आणि दूध हवेच होते. वाटाघाटी झाल्या, शेवटी कांदा आणि ताक यांवर तह झाला.

मग तिने स्वयंपाकघराचा कारभार आपल्या हाती घेतला. सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ. दुपारी एक ज्वारीची भाकरी, दोन वाट्या पालेभाजी आणि घट्ट वरण. बैठकीस निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री मुगाचे कढण, भाजी आणि अर्धी भाकरी. उपाशी झोपणे बंद झाले, आणि काजूंच्या बशीपुढे आम्ही प्रथमच निर्विकार बसू शकलो.

ज्वारीचे पीठ पाटण्यात सुबक पाकिटात मिळाले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यापासून ज्वारीस प्रतिष्ठा आली आहे. आईने किंमत विचारली आणि बराच वेळ पाकीट हातात धरून बसली. “तुझे वडील अव्वल कारकून झाले आणि घरातली भाकरी बंद झाली. पाहुण्यांसमोर लाज वाटे त्यांना. मग रोज पोळ्या, भात, पुऱ्या. मीच करून वाढल्या रे.” यावर काय बोलावे हे आम्हांला सुचले नाही. आम्ही परात पुढे केली.

आमचे वाचकही आमच्यासारखेच बदलीच्या गावी राहणारे. त्यांनी एकदा आपल्या बंगल्याबाहेर पाहावे. म्हैसूरकडे नाचणीचे मुद्दे आहेत, तेलंगणात ज्वारीची रोट्टे, राजस्थानात बाजरीची रोटी. भर उन्हात काम करणारा मनुष्य दुपारी काय खातो, हे पाहिले की आधार म्हणजे काय ते कळते. मात्र त्याच्याइतके खायचे असेल तर त्याच्याइतके राबावेही लागेल. आम्ही रोज अर्धा तास चालतो, एवढेच.

नऊ महिन्यांनी वजन ८३ झाले. घेर ९६ आहे. अजून सहा सेंटिमीटरांची थकबाकी उरली आहे. आईने त्या कागदातले एकच विचारले, “साखर?” आम्ही म्हटले, “सत्त्याण्णव.” ती काही बोलली नाही; पदराने चष्मा पुसला आणि आत जाऊन मटकी भिजत घातली.

लाडवांचा डबा अजून त्याच फळीवर आहे. सणावारी त्यातला एक लाडू आमच्या ताटात येतो. तो आम्ही दिवसाउजेडी, तिच्यासमोर बसून खातो.