खरवड

'येथे घरगुती जेवण मिळेल' ही पाटी कुणी आपल्या घरावर लावीत नाही. ती लागते घर सुटलेल्या माणसांसाठी. चाकरमान्यांच्या खाणावळीवर ती मी किती वेळा वाचली असेल! त्याच अर्थाची एक पाटी २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी दुबईत फार्सी लिपीत पाहिली. मला ती वाचता आली नाही. अर्थ धाकट्या भावाने सांगितला. तो बारा वर्षे तिथे नोकरीला आहे.

दुबईच्या खाडीकाठी बस्तकिया नावाने ओळखली गेलेली जुनी वस्ती आहे. इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली आणि वारा घरात उतरवणारे मनोरे आपल्या मुलुखासारखेच बांधले. मनोरे बांधायला पैसा लागतो. तोंडाची चव मात्र गरिबालाही बरोबर नेता येते. म्हणूनच की काय, जवळच्याच त्या लहानशा उपाहारगृहात व्यापाऱ्यांपेक्षा मजुरांचीच गर्दी अधिक होती.

आधी रोटीबरोबर पुदिना, मुळा अशा कच्च्या पाल्याचे ताट आले. प्यायला 'दूघ', म्हणजे वाळला पुदिना घातलेले ताक. मग 'गोरमे सब्जी': कोथिंबीर, मेथी आणि आणखी दोनतीन पालेभाज्या काळपट होईपर्यंत परतायच्या आणि राजमा, मटण व वाळवलेली अख्खी लिंबे घालून मंद शिजवायच्या. वर्गात मी मुलांना फार्सीतून आलेल्या शब्दांची यादी देतो : अंजीर, बेदाणा, जर्दाळू. मेथीच्या त्या ओळखीच्या वासाने मात्र यादीतले लोक प्रथमच शेजारी येऊन बसल्यासारखे वाटले.

शेवटी म्हाताऱ्या मालकाने भाताच्या बुडाचा एक सोनेरी, कडक तुकडा माझ्यापुढे ठेवला. याला 'तहदीग' म्हणतात. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे पातेले. अर्धवट शिजवलेला तांदूळ निथळून तेलातुपाच्या थरावर रचतात, झाकणाला फडके गुंडाळतात म्हणजे वाफेचे पाणी भातात पडत नाही, आणि तासभर दम देतात. मालक हिंदी बोलत होता. घरी यावरून पोरांची भांडणे होतात, म्हणाला. पण पाहुणा आला की पहिला मान त्याचा.

भाऊ हसला. "दादा, ही तर खरवड!"

आमच्या घरी सात माणसे. पातेल्याला लागलेला भात आई उलथन्याने खरवडून काढी आणि सर्वांमागून, ताक-मीठ घालून खाई. मला हीच आवडते, म्हणायची. ती २०२० च्या एप्रिलमध्ये गेली. विमाने बंद होती. भावाला येता आले नाही. तेव्हापासून आईचा विषय निघाला की तो उठून जात असे.

त्याने तहदीग मोडली, मोठा तुकडा माझ्याकडे सारला आणि ताटाकडे पाहत विचारले, "दादा, तिला खरंच आवडायची का रे?"

मास्तराला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय असते. मी म्हटले, "आवडत असेल. खाऊन बघ, वाईट नाही."

त्याने खाल्ले. उठला मात्र नाही. मग किती वेळ तो आईविषयी बोलत राहिला. मालकाने न मागता दोनदा चहा आणून ठेवला.

मला त्या अनोळखी घरांचे कौतुक वाटते. तळाला लागलेले एकटीने मुकाट खाण्याऐवजी ते मुद्दाम लावावे, पातेले सर्वांसमोर उपडे करावे आणि वाटून घ्यावे, हे तिथे कुणाला तरी सुचले. ज्या बाईला ते प्रथम सुचले असेल, तिचे नाव कुठल्या इतिहासात नाही.

भाऊ हल्ली सुट्टीच्या दिवशी खोलीवर भात तसाच लावतो. खोलीत पाचजण आहेत. परवा फोनवर म्हणाला, "दादा, खरवड कुणालाच पुरत नाही!"