नऊ फूट लांब, सात फूट रुंद

म्युनिक, मंगळवार

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

नीट पोचलो. कानटोपी घालतोय, आईला सांगा. अमेरिकेतल्या पळालेल्या गुलामांबद्दल वाचायला जर्मनीत कशाला, असं तुम्ही निघताना विचारलंत. कारण साधं आहे: विद्यापीठात अमेरिकेच्या अभ्यासाचा विभाग आहे आणि जवळच 1558 साली स्थापन झालेलं बव्हेरियाचं सरकारी ग्रंथालय. दारापुढे होमर, ॲरिस्टॉटल वगैरे चार दगडी ग्रीक बसलेत. आत इतकी शांतता की पान उलटतानाही संकोच वाटतो.

आज दिवसभर हॅरिएट जेकब्ज वाचली. उत्तर कॅरोलायनातली. मालकाचा जाच असह्य होऊन 1835 साली पळाली. गेली कुठे? त्याच गावात, आजीच्या घरी, छपराखालच्या माळ्यावर. लांबी नऊ फूट, रुंदी सात, उंची जिथे जास्त तिथे तीन. आपल्या वाईच्या घराच्या माळ्यावर निदान वाकून चालता येतं. तिला धड कूस बदलता येत नसे. गिरमिटाने फळीला भोकं पाडून ती खाली रस्त्यावरची स्वतःची मुलं बघे. हाक मारायची सोय नव्हती. असं जवळजवळ सात वर्षं. 1842 मध्ये जहाजाने उत्तरेला निसटली.

तिचं पुस्तक 1861 चं, टोपणनावाने छापलेलं. पुढे कित्येक वर्षं विद्वान म्हणत, ही कुणा गोऱ्या बाईची कादंबरी असणार! जीन फेगन येलिन यांनी जुनी पत्रं धुंडाळून 1980 च्या दशकात ते तिचंच असल्याचं सिद्ध केलं. त्या शंकेबद्दल वाचता वाचता मला रागच आला.

म्युनिक, शनिवार

ती. अण्णा,

पळालेल्यांच्या या गोष्टींत सारखा येणारा 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणजे भुयारी गाडी नव्हे. ती मी इथे रोज पकडतो. ते होतं पळणाऱ्यांना आसरा देणाऱ्या माणसांचं गुप्त जाळं. फिलाडेल्फियातले विल्यम स्टिल त्यातलेच. 1850 साली त्यांच्या कचेरीत एक अनोळखी माणूस आपल्या आईबापांचा शोध घेत आला. त्याने नावं सांगितली, ती स्टिल यांच्याच आईवडिलांची! आई पळाली तेव्हा मागे राहिलेला हा थोरला भाऊ. ताटातूट झालेल्यांना एकमेकांचा माग लागावा म्हणून स्टिल येणाऱ्या प्रत्येकाची हकिगत टिपत गेले: जुनं नाव, नवं नाव, मालक कोण, मागे कोण राहिलं. वह्या लपवून ठेवल्या आणि 1872 साली पुस्तक काढलं.

पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आली, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलेली. आपण अर्पणपत्रिकेचा अभिमान सांगतो. पेशवाईतल्या कुणबिणींबद्दल, म्हणजे ज्यांची खरेदी-विक्री होई त्या दासींबद्दल, क्वचितच बोलतो. गुलामीला कायद्याचा आधार उरणार नाही हे आपल्याकडे ठरलं 1843 साली. त्याआधी पळालेल्या कुणबिणीची हकिगत तिच्या बाजूने कुणी टिपली असेल?

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आपली जुनी मोडी खर्चवही आहे. लहानपणी तुम्ही वाचून दाखवली होती: 'कुणबीण एक' आणि पुढे रक्कम. नाव वाचल्याचं मला आठवत नाही. मला मोडी येत नाही, तुम्हाला येते. त्या पानाचा फोटो पाठवा, आणि तिचं नाव आहे की नाही तेवढं कळवा.