श्रीपूरचा ऊस, जपानी आरएक्स आणि पंपावरचं पेट्रोल

आरएक्स हंड्रेडवर काही टाकलं की लाइक पडतात. उसावर किंवा इथेनॉलवर लिहिलं की इनबॉक्समध्ये शिव्या पडतात. आज दोन्हीवर एकत्रच लिहितोय. पोस्ट लांब आहे, घाईत असाल तर रात्री जेवणानंतर वाचा.

आधी गाडीचं सांगतो. जपानमध्ये जुन्या डॅटसन झेड, स्कायलाइन, माझदा रोडस्टर असल्या स्पोर्ट्स कार उघडून, नटबोल्ट न् नटबोल्ट साफ करून पुन्हा उभ्या करायचा लोकांना नाद आहे. आमच्या माळशिरस तालुक्यात असली कार कुणाकडे असणार? आमच्या पिढीच्या वाट्याला जपानची जी स्पोर्ट्स गाडी आली ती दोन चाकांची. नोव्हेंबर 1985 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर आरएक्स हंड्रेड बाजारात आणली आणि मार्च 1996 ला ती बंद झाली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, 11 हॉर्सपॉवर, वजन 103 किलो. आकडे किरकोळ वाटतात. पण चार गिअरची ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पिळली की पुढचं चाक हलकं होतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला आकडे सांगावे लागत नाहीत.

माझी गाडी 1991 ची, एमएच-13 पासिंग. 2012 मध्ये एका निवृत्त गुरुजींच्या गोठ्यातून घेतली. सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. गुरुजी म्हणाले, "न्या, पण भंगारात घालू नका." घरी आणली तेव्हा आईने विचारलं, "पगार किती तुझा, आणि हे काय आणलंस?" पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्या आणि तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या माणसाचा पगार किती असतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे गाडी तयार व्हायला चार वर्षं लागली. दर महिन्याला एक वस्तू.

टाकी आतून गंजून खवले सुटलेले. त्यात बारीक खडी आणि रॉकेल घालून दोन रविवार हलवत बसलो. सायलेन्सर कार्बनने इतका चोंदला होता की शेकोटीवर जाळून काढावा लागला. क्रँक प्रेसवर उघडून कनेक्टिंग रॉड बदलला. खरी गोम सिलिंडरमध्ये होती. या गाडीचा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50. झीज झाली की लेथवर बोअर वाढवायचा आणि पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालायचा. पाव, अर्धा, पाऊण, एक. एकच्या पुढे पिस्टन मिळत नाही, मग स्लीव्ह ठोकायची. माझ्या गाडीत आधीच पाऊण नंबरचा पिस्टन होता. म्हणजे मला शेवटचा एकच बोअर मिळाला. पिस्टनसाठी पुण्यात नाना पेठेत तीन चकरा मारल्या. डब्यावर जपान लिहिलेलं आणि आतला माल कुठला तरी भलताच, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा जुन्या स्टॉकमधला खरा मिळाला.

हे एवढं सांगायचं कारण आता येतं.

यंदा उन्हाळ्यात गाडी गरम व्हायला लागली. श्रीपूरहून अकलूजला जाईपर्यंत ठीक, परतीला चढावर दम टाकायची. प्लग काढून बघितला तर पांढराफट्ट. टू-स्ट्रोकचा प्लग चॉकलेटी असावा लागतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि तसंच पळवत राहिलं तर पिस्टन सीज. तोही शेवटच्या बोअरचा पिस्टन. त्यात पेट्रोल कॉकचा रबर वॉशर फुगून कॉक गळायला लागलेला आणि कार्बोरेटरच्या बारक्या जेटमध्ये तपकिरी गाळ.

आमचे मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी आत गेले आणि औषधाची रिकामी काचेची बाटली घेऊन आले. तिच्यावर खुणा होत्या. 100 मिलि पेट्रोल ओतलं, 10 मिलि पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिली. पाच मिनिटांनी खाली पाण्याचा थर 30 च्या जवळ. "बघा पत्रकार साहेब, पानी धा घातलं आणि झालं तीस. ही वाढलं ती कुठनं आलं?" पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून थर वाढतो. हा प्रयोग काही प्रयोगशाळेतला नाही, अंदाजाचा आहे. करून बघायचा असेल तर उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून करा.

म्हणजे पंपावर जे येतंय ते ई-20. वीस टक्के इथेनॉल. त्यात चोरीछुपं काही नाही, सरकारचं जाहीर धोरण आहे. 2014 च्या सुमारास देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं. 2022 च्या जूनमध्ये 10 टक्के झालं. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि 2025 मध्ये गाठलंही.

आता मी कुठे राहतो ते बघा. श्रीपूर हे गावच कारखान्याभोवती वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथला. नंतर पांडुरंग सहकारी. सोलापूर जिल्ह्यात राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत. हंगामात पहाटे उठलं की मळीचा वास येतो, आणि ज्याला तो वास नकोसा वाटतो तो बाहेरचा पाहुणा समजायचा. माझ्या चुलत्याचा चार एकर ऊस आहे. कायद्याने एफआरपी 14 दिवसांत द्यायची असते. साखर विकून पैसे यायला महिने लागतात, इथेनॉलचे पैसे ऑइल कंपन्यांकडून त्यामानाने लवकर येतात. कारखान्याकडे पैसे आले तर बिल निघतं. चुलते मला म्हणाले, "तुझ्या फटफटीचा वायसर फुगला म्हणून आमची बिलं थांबवायची का रं?"

प्रश्न बरोबर आहे. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, आणि या गावात राहून असूही शकत नाही. फक्त चुलत्यांना मी एवढंच म्हटलं की इथेनॉल म्हणजे ऊसच, हे आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशात मनाई केली. ऊस गाळपाला आलेला, डिस्टिलरीवर कर्ज काढून पैसा घातलेला. आठवडाभरात आदेश थोडा सैल केला आणि 17 लाख टन साखरेएवढी मर्यादा घातली. आज देशातल्या इथेनॉलमध्ये मका आणि तांदळाचा वाटा उसापेक्षा जास्त आहे. जाहिरातीत मात्र अजून उसाचंच कांडं दिसतं.

आता गाडीला नेमकं काय होतं ते. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. शिवाय त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला एक, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर आणि इंजेक्टर आहेत, ते आपलं आपण बघून घेतात. कार्बोरेटरला डोकं नसतं. त्यात पितळेचा एक जेट आहे, त्याचं भोक 1991 साली जेवढं होतं तेवढंच आज आहे. म्हणून मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीतला जुना गंज, चिकटा सोडवून खाली आणतं. गाडी रोज चालत असेल तर फारसं जाणवत नाही. पंधरा दिवस उभी राहिली की जेट चोंदलाच.

उपाय आहेत, आणि फार महागडे नाहीत. मेन जेट एक नंबर मोठा, सुईची क्लिप एक खाच खाली, कॉकचे वॉशर आणि पेट्रोलची नळी बदलली. क्रँकचे ऑइल सील पुढच्या वेळी उघडेल तेव्हा. महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवायचा. प्लग पुन्हा चॉकलेटी आलाय. माझं काम झालं.

पण मी हौशी माणूस आहे. माझ्याकडे रविवार आहे, मिस्त्री आहेत, युट्यूब आहे. माझ्या गल्लीत एक जण 2009 च्या स्प्लेंडरवर चार कॅन लावून दूध घालतो. ती त्याची हौस नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे ई-20 चालेल असे भाग घातलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून विकल्या जाऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचं काय? 2021 मध्ये नीती आयोगाने इथेनॉलचा जो आराखडा काढला त्यातच याचं उत्तर होतं. त्यात मान्य केलं होतं की मिसळ नसलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-10 ला जुळवलेल्या दुचाकींचा अ‍ॅव्हरेज 3 ते 4 टक्के आणि चारचाकींचा 6 ते 7 टक्के घटेल. आणि असंही सुचवलं होतं की जुन्या गाड्यांसाठी ई-10 पेट्रोल पंपावर मिळत राहावं. हा दुसरा भाग कुणी पाळला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये गदारोळ झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च किरकोळ आहे. 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने यावरची याचिका फेटाळली. खर्च किरकोळ आहे हे खरंच. पण तो दूधवाला करतोय, आणि त्याला कुणी सांगितलेलंही नाही. माझ्या नेहमीच्या दोन्ही पंपांवर मशीनवर किती टक्के इथेनॉल आहे हे लिहिलेलं मला दिसलं नाही.

काही मित्र म्हणतील, जुन्या गाड्या रस्त्यावरून गेलेल्याच बऱ्या. आरएक्सच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात दम आहे, हे मी गाडीचा मालक असून सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये 25-30 टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. निळा धूर हा काही अफवेचा विषय नाही. वरून आमचीच पोरं सायलेन्सरची जाळी काढून रात्री अकराला गावातून बोंबलत फिरतात. पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातले तेव्हा मी आनंदाने बातमी केली. मूळ सायलेन्सरची आरएक्स हळू आवाजात छान गुरगुरते, या पोरांनी ती कधी ऐकलेलीच नाही.

महिन्याला दोनदा बाहेर निघणारी गाडी आणि रोज साठ किलोमीटर धावणारी गाडी यात फरक करायला मात्र आपल्याकडे कायद्यात जागा नाही. 2021 च्या नियमात विंटेज गाडी म्हणजे 50 वर्षांच्या पुढची. नोंदणी 20 हजार रुपये, आणि प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती याच कारणांसाठी रस्त्यावर. म्हणजे पहिल्या आरएक्सला 2035 उजाडेल, माझ्या गाडीला 2041. तेव्हा मी साठीत असेन आणि किक बसेल की नाही ठाऊक नाही. जर्मनीत 30 वर्षांची गाडी मूळ रूपात जपली असेल तर वेगळी नंबर प्लेट आणि ठरावीक कर. ब्रिटनमध्ये 40 वर्षांनंतर रस्ता कर माफ. जपानमध्ये उलटं आहे. पेट्रोलची गाडी 13 वर्षांपुढे गेली की कर साधारण 15 टक्के वाढतो. पण तिथे माझदाने 2017 मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टर स्वतः दुरुस्त करून द्यायला घेतल्या, आणि निस्सानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. आपण फक्त कराचा भाग उचलला.

माझं रिन्यूअल 2026 मध्ये आहे. 2021 ला फी 300 रुपये होती. एप्रिल 2022 पासून 1000 झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या दुचाकीला 2000. उशीर झाला तर महिन्याला 300 दंड. नवी नंबर प्लेट जीएसटीसह 531 रुपये, ती बुक करताना गाडी ऑनलाइन सापडलीच नाही. जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नाही, म्हणून एका कार्यालयात चार खेपा झाल्या. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "एवढा त्रास घेण्यापेक्षा विकून का टाकत नाही?" मी म्हटलं, "ताई, लाखाच्या वर मागतात, पण विकली की तिचा सायलेन्सर कापणार." त्यांनी मान हलवली आणि बॅकलॉगच्या अर्जावर शिक्का मारला. त्यांच्या मिस्टरांकडेही एकेकाळी आरएक्स होती, हे मागून कळलं.

तर आता कामाचं. माळशिरस, पंढरपूर, माढा भागातल्या ज्या पंपांवर मशीनवर इथेनॉलची टक्केवारी स्पष्ट लिहिलेली आहे त्याचा फोटो, गाव आणि तारीख कमेंटमध्ये टाका. नसेल तर तसंही लिहा. 2023 च्या आधीची दुचाकी रोजच्या कामाला वापरणाऱ्यांनी मागच्या सहा महिन्यांत कॉक, नळी, कार्बोरेटरवर किती खर्च झाला तो आकडा द्या, बिल असेल तर बिलासह. मिस्त्री लोकांनी तर नक्कीच लिहा. पन्नास नोंदी जमल्या की पुरवठा विभागाला आणि ऑइल कंपन्यांना लेखी विचारतो की जुन्या गाड्यांसाठीचं ई-10 कुठल्या पंपावर मिळेल. उत्तर आलं की इथेच टाकतो. आणि एक नंबरचा स्लीव्ह बसवणारा चांगला लेथवाला कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा.