चटका, झळ आणि धग



आपल्या मराठीत उष्णतेसाठी तीन निरनिराळे शब्द आहेत. तापलेल्या तव्याला बोट लागले की बसतो तो चटका. उन्हाळ्यात दुपारी दार उघडले की तोंडावर येते ती झळ. आणि चुलीपासून दोन हात लांब बसलो तरी पायाला जाणवते ती धग. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण या लेखापुरते आम्ही असेच धरले आहे: स्पर्शाने लागतो तो चटका, गरम वाऱ्याने येते ती झळ, आणि मध्ये काही नसताना दुरूनच लागते ती धग.

मोटारसायकलवर बसणाऱ्याच्या पायाला हे तिन्ही त्रास एकाच वेळी होतात. पण तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. धगीवरचा उपाय झळीवर चालत नाही, आणि झळीवरचा चटक्यावर चालत नाही. हे लक्षात न घेता माणूस दुकानातून काहीतरी आणून बसवतो, पैसे जातात आणि पाय भाजतच राहतो.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला मुंबईला गिरणीच्या बॉयलर खात्यात होता, धाकटा गॅरेजमध्ये. आता दोघेही दिमोनात, पेन्शनीत. गाडी चालवायचे आमचे वय गेले, पण घरात गाडी आहे. थोरल्याचा नातू तिच्यावरून रोज बेर शेवाला कामाला जातो. एका बाजूचे अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास. त्याची पाळी रात्री उशिरा सुटते, त्या वेळी बस मिळत नाही. म्हणजे गाडी गेली तर नोकरीही गेली.

मागच्या उन्हाळ्यात शरावचे दिवस होते. घरी आला की तो उजव्या पायाची नडगी चोळत बसायचा. मांडीची आतली बाजू लाल झालेली असायची. त्यातच एके दिवशी त्याची चौदा वर्षांची बहीण त्याच्या मागे बसून आली आणि घाईने उजव्या बाजूने उतरली. अंगात अर्धी चड्डी होती. पोटरी सायलेन्सरला टेकली आणि पोर किंचाळली. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावली, दुसऱ्या एकीने बर्फ आणला. आमच्या सुनेने दोघींनाही थांबवले आणि घड्याळ लावून वीस मिनिटे तो पाय नळाच्या पाण्याखाली धरला. दुसऱ्या दिवशी फोड आला, तो दवाखान्यात दाखवला. जखम भरली, पण डाग राहिला. त्या रात्री सून म्हणाली, "ही गाडी विकून टाका." नातू म्हणाला, "मग मी कामाला कसा जाऊ?" दोघांचेही खरे होते.

आम्ही दोघे भाऊ मग गाडीभोवती बसलो.

आधी मुलांसाठी थोडे सांगतो. तुम्ही जिला ओफनोआ म्हणता, तिच्यात पेट्रोल जळते. त्यातून शंभर रुपयांची उष्णता निघाली असे समजा. तिच्यातले पंचवीस-तीस रुपयेच चाक फिरवायला उपयोगी पडतात. जवळजवळ तेवढेच, कधी त्याहून जास्त, धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातात. उरलेले इंजिनाच्या अंगातून आणि रेडिएटरमधून हवेत जातात. इंजिनातून धूर निघतो तेव्हा तो कित्येकशे अंश गरम असतो. म्हणून इंजिनाला जोडलेला पुढचा बेंड पाइप सगळ्यात जास्त तापतो, आणि मागे जावे तसा ताप कमी होत जातो. मोटारीत हे सगळे पत्र्याखाली झाकलेले असते. मोटारसायकलवर आपण त्याला दोन पायांत धरून बसतो.

आमच्या तरुणपणीही हे होतेच. येझदीला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक. साडी नेसलेली बाई मागे एका बाजूला बसली की खाली सायलेन्सर असायचाच, आणि नायलॉनच्या साडीचा काठ चिकटला की भोक पडायचे. स्कूटरवाल्यांना ही कटकट नव्हती. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीची व्हेस्पा निघाली. तिची रचना करणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. त्यांनी इंजिन मागच्या बाजूला पत्र्याच्या झाकणात ठेवले, त्याला वारा घालायला आत पंखा दिला, आणि चालवणाऱ्याच्या पायांपुढे मोकळी जागा सोडली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजने पुढे तशाच स्कूटर काढल्या आणि १९७२ पासून चेतक. तिच्यावर बसणाऱ्याची पोटरी भाजल्याचे आम्ही क्वचितच ऐकले. इंजिन तिथेही तापत होतेच, पण माणूस आणि ताप यांच्यामध्ये पत्रा होता आणि हवा होती.

मग आजच्या गाड्या जुन्यांपेक्षा जास्त धग का देतात? एक कारण चांगले आहे. धूर स्वच्छ करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. तो साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय आपले काम नीट करत नाही. म्हणून तो इंजिनाजवळ, म्हणजे आपल्या पायांजवळच बसवतात. युरोपात नव्या मॉडेलांना २०१६ पासून युरो ४ हा कडक नियम आला, भारतात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६. काही तरुण हा डबाच काढून टाकतात. तसे करू नये. ते बेकायदा आहे, वर्षाच्या टेस्टला गाडी अडकते, आणि तो विषारी धूर शेवटी आपल्याच नातवंडांच्या नाकात जातो.

आता आम्ही काय केले ते सांगतो.

पहिले काम म्हणजे गाडी नेहमीपेक्षा जास्त तापते आहे का, हे बघणे. मोसाखमध्ये नेली तर दोन गोष्टी सापडल्या. रेडिएटरच्या जाळीत नेगेवची धूळ आणि किडे बसून अर्धी जाळी बंद झाली होती. आणि बेंड पाइप जिथे इंजिनाला जोडतात तिथले पॅकिंग गेले होते. जोडावर काळी काजळी दिसत होती, इंजिन थंड असताना टक-टक आवाज येत होता. म्हणजे गरम धूर तिथूनच थेट नडगीकडे सुटत होता. पॅकिंग बदलले. जाळी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतली. जोरदार फवारा मारला तर तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. आणि गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

दुसरे काम झळीचे. रमजोरला गाडी थांबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम वारा बाजूला फेकतो. तो वारा पायावर येऊ नये म्हणून कंपनी प्लास्टिकची कव्हरे देते. नातवाची गाडी एकदा पडली होती, तेव्हापासून उजवे कव्हर नव्हतेच. त्याला वाटायचे, ते शोभेचे. नवे बसवल्यावर वारा पायाच्या बाहेरून जाऊ लागला. सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला, आणि खर्च सगळ्यांत कमी.

तिसरे काम धगीचे. इथे थर्मास आठवावा. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली तशी बाटली पहिल्यांदा केली. आतली काच चांदीसारखी चकचकीत, म्हणून धग परत फिरते. आणि दोन भिंतींमध्ये काही नाही, म्हणून उष्णता पुढे सरकत नाही. आम्ही पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून बेंड पाइपच्या पायाकडच्या बाजूला बसवला. पाइप आणि पत्रा यांत बोटभर अंतर ठेवले आणि ते लोखंडी क्लॅम्पने पक्के केले. वरची व खालची बाजू उघडी ठेवली, म्हणजे वारा मधून वाहतो. हे अंतर फार महत्त्वाचे. पत्रा पाइपला टेकला तर तोच तापतो. मधल्या जागेत चिंध्या किंवा फोम कोंबू नये, तो पेटेल. सीटच्या बाजूच्या कव्हरला आतून चकचकीत उष्णतारोधक कागद चिकटवला, त्याने मांडीची धग उतरली.

पाइपला पट्टी गुंडाळावी का, असे पुष्कळजण विचारतात. काचतंतूची किंवा बेसाल्ट दगडाच्या तंतूची पट्टी मिळते. ती उष्णता पाइपातच कोंडते आणि धग कमी करते. पण पावसाचे, धुण्याचे पाणी तिच्यात मुरते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत गंजतो. तिच्यावर तेल सांडले तर आग लागण्याची भीती. कन्व्हर्टरवर ती मुळीच गुंडाळू नये, तो प्रमाणाबाहेर तापतो. आम्ही ती वापरली नाही.

इथे थोरल्याचे एक कळकळीचे सांगणे आहे. गिरणीत वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत असत. आमच्या पिढीच्या काही लोकांच्या माळ्यावर, जुन्या हत्यारांच्या पेटीत, तिचा तुकडा अजून पडलेला असेल. "आमची जुनी दोरी आहे, गुंडाळ" असे म्हणून नातवाला देऊ नका. तिची धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी कॅन्सर करते. इस्राएलमध्ये २०११ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला आहे. तुकडा सापडला तर झटकू नका, फाडू नका. जाणकाराला विचारून बाहेर काढा.

चौथे काम चटक्याचे. त्यावर पत्र्यापेक्षा सवय जास्त उपयोगी. आमच्या घरी आता हे नियम आहेत. गाडीवर अर्ध्या चड्डीत कोणी बसायचे नाही. जाड सुती पँट आणि घोट्याच्या वर जाणारे चामड्याचे बूट पाहिजेत. नायलॉन नको, ते वितळून कातडीला चिकटते. चढणे-उतरणे डाव्या बाजूने, कारण आमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे आहे. गाडी उभी करताना सायलेन्सर भिंतीकडे, खेळणाऱ्या मुलांकडे नाही. बंद केल्यावरही निदान अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. तापलेले लोखंड लाल दिसत नाही, म्हणून ते थंड आहे असे नव्हे. साठ अंशांच्या धातूलाही काही सेकंद टेकले तरी कातडी भाजते, आणि सायलेन्सर त्याहून कितीतरी गरम असतो.

तरीही भाजलेच तर पाय वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, लोणी, हळद, कॉफी काही नको. पैंजण, मोजे लगेच काढावेत, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नये. स्वच्छ न चिकटणाऱ्या कापडाने झाकून डॉक्टरला दाखवावे. भाजलेली जागा मोठी असेल तर मागेन दाविद आदोमचा १०१ नंबर फिरवावा.

आणि आमच्या वयाच्या लोकांसाठी एक सूचना. ज्यांना बरीच वर्षे डायबिटीस आहे त्यांच्या पायाची जाणीव मंद होते. आपल्यातले कितीतरी जण डॉक्टरकडे किंवा बाजारात जायला नातवाच्या मागे बसतात. पाय भाजत असतो आणि आपल्याला कळतच नाही. घरी आल्यावर चप्पल काढताना दिसते. अशांनी गाडीवरून उतरल्यावर दोन्ही पाय डोळ्यांनी बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांना दाखवावेत. यात लाज कसली?

नातू अजून कामाला जातो. शरावच्या दिवशी रमजोरला थांबला की पाय गरम होतातच. ते पूर्ण जाणार नाही, आणि तसे कबूल करूनच आम्ही काम थांबवले. पण नडगी आता लाल होत नाही. सुनेने गाडी विकण्याचा विषय काढणे सोडले आहे. मात्र मुलगी मागे बसताना बूट घातले आहेत की नाहीत, हे ती खाली येऊन बघते.

बालमित्रांनो, आज संध्याकाळी आईला किंवा सबाला सोबत घेऊन एक गोष्ट करा. चहाचे भांडे गॅसवरून उतरवले की त्याच्या बाजूला वीतभर अंतरावर हात धरा: ती धग. नंतर भांड्याच्या खूप वर हात न्या, गरम हवा लागेल: ती झळ. चटका कसला असतो ते करून बघू नका, सांडशी बघा. ती त्याच्यासाठीच केली आहे.

वाचकांपैकी कोणी गॅरेजमध्ये, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये किंवा गिरणीत काम केले असेल आणि यापेक्षा चांगला उपाय ठाऊक असेल, तर जरूर लिहून कळवावा. आम्ही करून बघू.